उडीबाबा तेलाची चौकशी

आंजी (मोठी), जि. वर्धा
९ जुलै २०२५

चि. अंकितास,

वासुदेवमामाचे भरभरून आशीर्वाद. वि. वि. इकडे माझा उजवा गुडघा सोडून सगळे खुशाल आहेत. तुझ्या पुण्याची खुशाली कळव.

पत्र पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. मी फोन बंद केला आहे, एवढंच. झालं असं की मागच्या महिन्यात ओट्यावर बसून मी तुझ्या मामीला म्हणालो, गुडघा लय दुखून राह्यला. फोन बाजूला पालथा पडला होता. संध्याकाळी उघडतो तर त्यात गुडघेच गुडघे! गोरे गुडघे, लाल गुडघे, आत दिवा लागलेले गुडघे. माझ्या घरात बसून माझंच चोरून ऐकणारी वस्तू मी ठेवून घेणार नाही. फोन आता टॉवेलात गुंडाळून ज्वारीच्या कोठीत आहे. दुपारी तुझी मामी तो हळूच बाहेर काढते. मला ते माहीत आहे, हे तिला माहीत नाही. परवा शेजारच्या मंदाबाई त्याच्याजवळ तासभर बसून गेल्या आणि त्या गेल्यावर फोन केसांचे कलप दाखवू लागला. मामी म्हणाली, राहू द्या जी, कामाचा हाये.

पण त्या फोनने जाता जाता एक उपकार केला. त्यात एक जाहिरात लागली. हेमराज नावाचा शेतकरी, तालुका सेलू, जिल्हा वर्धा, म्हणजे आपलाच माणूस. बिचारा काठी टेकत टेकत जगत होता. त्याने उडीबाबा तेल लावलं, काठी विहिरीत फेकली आणि शेताच्या धुऱ्यावरून टुणकन उडी मारून पलीकडे गेला. उडी मारताना तो एक वाक्य बोलला आणि अंकिता, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याच मनातलं कोणी काढून बोलावं तसं. जेवण होईपर्यंत मी ती जाहिरात पुन्हा पुन्हा पाहिली.

देवळीला बंडूजींच्या दुकानातून बाटली आणली. लावली. आणि हेमराजने केलं तशी काठी विहिरीत फेकली. मला वाटलं, तोही उपचाराचाच भाग आहे. गुडघा होता तिथेच आहे, काठी मात्र गेली. सध्या मी आंबे उतरवायच्या बांबूवर चालतो. दारातून आधी तो येतो, मग मी. आपलं दार किती करकरतं ते तुला ठाऊक आहे. त्या करकरीवरून कोण आलं ते ओळखणारी तुझी मामी हल्ली फसते.

आता आनंदाची बातमी. किती बाटल्यांनी उडी येते, असं मी कंपनीला पत्र लिहून विचारलं होतं. त्यावर त्यांचा माणूस थेट घरी आला. आंजीत चाळीस वर्षं एकही सोयरीक माझ्या चौकशीशिवाय जुळलेली नाही, हे त्याला गावात कळलं होतं. म्हणाला, बापूजी, तुमच्यासारख्या शब्दाच्या माणसानेच आमच्या जाहिरातीत यावं. पुढच्या महिन्यात शूटिंग आहे. तेव्हापासून माझे जुने मित्र किसनरावही माझ्याशी अदबीने बोलतात. त्यांच्या लेकीचं, वर्षालीचं स्थळही मीच पाहतो आहे.

तू जाहिरातीच्याच धंद्यात नोकरीला आहेस म्हणून विचारतो, धोतर नेसू की पँट घालू?

पत्राला उशीर झाला तरी चालेल, मायेत उशीर नको.

तुझा
वासुदेवमामा


पुणे
१७ जुलै २०२५

ती. स्व. वासुदेवमामांस,

अंकिताचा शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. सगळ्यांनी हाताळून पाहिलं, एकाने वाससुद्धा घेतला.

मामा, धोतरही नको आणि पँटही नको. तुम्ही त्या जाहिरातीत जाऊच नका, हात जोडते. जाहिरातीतल्या माणसांनी काय बोलायचं ते दिवसभर बसून मीच लिहिते, म्हणून सांगते.

फोन खरंच ऐकतो की नाही, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण त्याला ऐकायची गरजच नसते. तुमचं वय त्याच्यात आहे, गाव त्याच्यात आहे, आणि गुडघ्याला काय लावावं हे मामीने त्यालाच विचारलं होतं का, ते जरा तिला विचारा. वर तुम्ही ती जाहिरात जेवण होईपर्यंत पाहिलीत. दुकानात एकाच साडीवर इतका वेळ हात फिरवला, तर दुकानदार पाठ सोडेल का?

आणि हे सगळं मी तुम्हाला काय शिकवायचं! तुम्ही कधी नुसता बायोडाटा वाचून स्थळाला होकार दिलात का? मुलगा कसा आहे, हे कधी मुलालाच विचारलंत का? समोरच्या नव्या रंगाच्या भिंतीकडे पाठ करून तुम्ही आधी परसात जाता. मध्यस्थाचं यात काय भलं होणार, ते काढून घेता. फोटो कोणत्या सालचा आहे ते विचारता. बायोडाट्यात काय लिहिलं आहे त्यापेक्षा काय लिहायचं टाळलं आहे, ते तुम्हाला आधी दिसतं. स्थळ इतकं चांगलं तर आजवर राहिलं कसं, असं चहाच्या टपरीवर सहज बोलून जाता. जाहिरात म्हणजे तेच हो, मामा. घरी तेलाचं स्थळ आलं आहे आणि मुलाकडचेच मुलाचं कौतुक करत बसले आहेत. खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात काय लिहिलं आहे ते तेवढं वाचा. खरं बोलायला आम्ही तेवढीच जागा ठेवतो.

गुडघ्याचं आज ना उद्या बघता येईल. पण तुमच्या शब्दावर आंजीतल्या लेकी दिल्या जातात. तो शब्द एका बाटलीवर चिकटवू नका.

आणि हेमराज नक्की काय बोलला, ते वाक्य लिहून पाठवा. मामीला नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नका, मला दुसरे मामा नाहीत.

तुमची
अंकिता


आंजी (मोठी)
३ ऑगस्ट २०२५

चि. अंकितास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. मामीला विचारलं. ती आधी नाही म्हणाली, मग उगाच ज्वारी निवडायला बसली. म्हणजे हो.

तुझं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. तेलाचं स्थळ! माझ्या लक्षात कसं आलं नाही? लगेच रीतसर माणसं जमवली. मी, किसनराव, गाडीसह बंडूजी, आणि बायकांकडून माहिती काढायला मंदाबाई. मंदाबाईंचे केस काळेभोर झाले आहेत. गाडीत कोणी त्याबद्दल बोललं नाही. बाटली स्वच्छ पुसून, टॉवेलात गुंडाळून, नारळ घेऊन आम्ही सेलूकडे निघालो.

सेलू तालुक्यात गावोगावच्या टपरीवर विचारत गेलो, हेमराज कसा माणूस आहे? एक हेमराज चौथीत निघाला. त्याची उडी उत्तम आहे, पण त्याने आयुष्यात तेल लावलेलं नाही. दुसरा खरोखरच लंगडत आला आणि आमच्याचकडे बाटली मागू लागला. तिसऱ्या गावात हेमराज नव्हताच. पण इस्त्रीचे कपडे घातलेले चारजण घरची चौकशी करताहेत म्हटल्यावर मुलगी पाहायला पाहुणे आले अशी हाकाटी झाली, आणि भैय्याजी नावाचे एक गृहस्थ आम्हाला हाताला धरून घरी घेऊन गेले. पोहे आले. पोह्यांमागून त्यांची सपना पाण्याचा ट्रे घेऊन आली. मंदाबाईंनी सवयीने तिचं शिक्षण विचारलं. मला राहवेना. मी टॉवेल सोडून बाटली पुढे ठेवली आणि आम्ही कोणाला पाहायला आलो ते सांगून टाकलं. भैय्याजींनी एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा सपनाकडे. मग म्हणाले, बरं, पोहे तं खा.

सपना इतकी हसली की तिला ट्रे खाली ठेवावा लागला. मग तिने आपला फोन आणून दाखवला. अंकिता, आपला हेमराज सगळीकडे आहे! एका जाहिरातीत तो नाशिकचा बबन आहे आणि त्याचे केस गळतात. दुसऱ्या जाहिरातीत त्याला साखर आहे. तिसऱ्यात त्याचं छत गळतं. एकात तो बँकेतून निवृत्त होऊन काळजीत पडला आहे आणि एकात पांढरा कोट घालून तोच डॉक्टर आहे. किसनरावांचा जीव कळवळला. म्हणाले, काऊन गा, एकाच माणसाच्या मागं इतकं काऊन लागलं? मग डॉक्टरचा कोट पाहून म्हणाले, पण एवढ्यातही शिकला पोट्टा! तो नट आहे, हे सपनाने त्यांना परोपरीने सांगितलं. तरी निघताना ते नारळ तिथेच ठेवून आले. तिला म्हणाले, भेटला तं त्याले देजो.

जाहिरातीला नाही म्हणावं, असं परत येताना मनात आलं. पण मी नाही म्हटलं तर ते दुसरा वासुदेवराव उभा करतील. तेव्हा मी जाणार, आणि कोणत्याही स्थळाचं सांगतो तसं तेलाचं खरंखुरं सांगणार. अट एकच घातली आहे. माझं पूर्ण नाव, गाव, तालुका आणि घराचा पत्ता तेलाच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरात पाहिजे. मुंगीचा पाय चालणार नाही. कंपनीचा माणूस इतक्या आनंदाने हो म्हणाला की मलाच शंका आली. शूटिंग बारा तारखेला आहे. धोतर ठरलं.

हेमराजचं वाक्य असं होतं: पाय माहा हाये, माहंच आयकन.

आहे तो जिव्हाळा आहे तिथेच असू दे.

तुझा
वासुदेवमामा


पुणे
९ ऑगस्ट २०२५

ती. स्व. मामांस,

शि. सा. न. वि. वि. बारा तारखेच्या आत मिळावं म्हणून स्पीड पोस्टाने पाठवते आहे.

मामा, ते वाक्य मी लिहिलं आहे. आणि मी तरी कुठे लिहिलं, ते तुमचंच आहे.

मी बोरीच्या झाडावरून पडले होते, आठवतं? प्लास्टर निघालं तरी मी पाय टेकायला तयार नव्हते. तेव्हा तुम्ही मला रोज शेताच्या धुऱ्यावर न्यायचात. बोट धरून चालवायचात आणि मध्येच बोट सोडून म्हणायचात, पाय तुहा हाये, तुहंच आयकन, चाल. आणि पाय खरंच माझं ऐकू लागला. मागे एका चपलेच्या जाहिरातीसाठी मी ते वाक्य लिहून दिलं. चप्पलवाल्याला ते पसंत पडलं नाही आणि कागद ऑफिसात पडून राहिला. ऑफिसने तो नंतर तेलवाल्याला दिला, हे मला तुमचं पत्र वाचून कळलं. तुम्हाला फसवायला तुमचंच वाक्य वापरलं गेलं. ते मनातलं वाटलं, कारण ते तुमच्याच मनातलं होतं. काल मला जेवण गेलं नाही.

आता नीट ऐका. तुम्ही कितीही खरं बोललात तरी ते हवं तेवढंच ठेवतील. चित्रण कापणारा माणूस आमच्या शेजारच्या खोलीत बसतो. स्वभावाने फार चांगला आहे, रोज डब्यातली चटणी देतो, आणि माणसाच्या बोलण्यातून नाही हा शब्द असा काढतो की पत्ताही लागत नाही. म्हणून तुम्ही काहीच बोलू नका. अगदी बोलावंच लागलं, तर तेल निरुपयोगी आहे, एवढंच म्हणा आणि तोंड मिटून घ्या.

मला चालायला शिकवलंत, त्याची अशी फेड झाली. लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागते.

तुमची
अंकिता


आंजी (मोठी)
२६ सप्टेंबर २०२५

चि. अंकितास,

आशीर्वाद पूर्वीएवढेच, त्यात काटछाट नाही. तुझं स्पीड पोस्ट पोळ्याच्या दिवशी बैलांच्या मागून आलं. शूटिंग तोवर आटोपलं होतं.

आधी वाक्याचं. मला राग नाही. धुऱ्यावरचं बोलणं तुला इतक्या वर्षांनी आठवतं, यात मला सगळं मिळालं. पत्र वाचून मी रडलो. मामीला वाटलं, गुडघा.

आता शूटिंगचं ऐक. मंडळी दोन गाड्या भरून आली आणि आंजी आंजीसारखी दिसत नाही म्हणाली. सिमेंटचा रस्ता, टीव्हीच्या छत्र्या, किसनरावांचा ट्रॅक्टर, सगळ्याचीच त्यांना अडचण होत होती. मग लांब एका शेतात त्यांनी दुसरी आंजी तयार केली. खाट भाड्याची, चूल भाड्याची, बकरी मंदाबाईंची. मी आणि बकरी सोडून तिथे आंजीचं कोणीच नव्हतं. मला फेटा बांधला. मी जन्मात डोक्यावर टोपीशिवाय काही घातलेलं नाही. माझा गुडघा पाहून डायरेक्टरने तोंड वाकडं केलं आणि त्यांच्यातल्याच एका पोराच्या गुडघ्याचं शूटिंग केलं. म्हणजे तोंड माझं, आवाज माझा आणि गुडघा नागपूरचा.

मी मात्र सगळं सांगितलं. हेमराज नावाचा माणूस नाही. गुडघ्याला तीळभर फरक नाही. पण स्थळाचा गुण असेल तर तोही सांगायचा, ही माझी पद्धत. उरलेलं तेल मामीने दाराच्या बिजागरीला घातलं आणि आमच्या दाराची करकर बंद झाली, हेही सांगितलं. डायरेक्टर वा बापूजी, वा बापूजी करत होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

गणपतीत जाहिरात लागली. तिच्यात मी म्हणतो, मी वासुदेवराव, चाळीस वर्षं माझा शब्द खोटा पडला नाही, उडीबाबा तेल घातलं आणि करकर बंद झाली. दार गेलं, बिजागरी गेली, हेमराज गेला. मग नागपूरचा गुडघा वाकून दाखवतो. एसटी थांब्यावरच्या फलकावर फेट्यातला मी बैलाएवढा लागलो आहे. खाली ठरल्याप्रमाणे पूर्ण पत्ता. तेवढा शब्द त्यांनी पाळला.

किसनराव मला काही बोलले नाहीत. वर्षालीच्या स्थळाच्या चौकशीला मात्र त्यांनी देवळीचा दुसरा माणूस लावला. आणि मामीला म्हणाले, वैनी, वासुदेवच्या शब्दावर आता कसं जाऊ? अंकिता, गुडघा दुखतो तेव्हा मी घर डोक्यावर घेतो. हे दुखलं तेव्हा मला ओरडताही आलं नाही. दोन दिवस घराबाहेर पडलो नाही.

तिसऱ्या दिवशी आर्वीकडची एक गाडी आली. इस्त्रीचे कपडे घातलेले चारजण उतरले आणि टपरीवर विचारू लागले, वासुदेवराव कसा माणूस आहे? माझीच चौकशी! जाहिरातीतला माणूस खरंच आहे का, ते बघायला आले होते. एकाने तर माझा दंड दाबून पाहिला. त्यानंतर रोज कोणी ना कोणी येतं, पत्ता जो आहे. म्हणून मी सकाळीच बांबू घेऊन थांब्यावर जातो आणि माझ्याच खाली बसतो. येणाऱ्याला सांगतो, तोंड माझं आहे, गुडघा माझा नाही, तेल दारासाठी घ्या. लोक एकदा वर बघतात, एकदा खाली बघतात. बघू या कोणाचं ऐकतात.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या जेवणाचं कळव, मग लोभाचं बोलू.

तुझा
(खालचा) वासुदेवमामा


पुणे
५ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. मामांस,

शि. सा. न. वि. वि. जेवते आहे. चटणी मात्र घेत नाही.

ऑफिसात तुमची जाहिरात सर्वांना फार आवडली आहे. मी भर बैठकीत उठून सांगितलं की हे माझे सख्खे मामा आहेत आणि ते दाराबद्दल बोलत होते. मग साहेबांनी विचारलं, त्यांना आणखी काही दुखतं का? मी म्हटलं, निदान दाराची एवढा एक शब्द परत घाला. तर म्हणे, तो पंधरा सेकंदांत बसत नाही.

तुमच्यावरची दुसरी जाहिरात लिहायला मी नकार दिला. आता मला फरशीच्या जाहिरातींकडे टाकलं आहे. फरशी बरी, तिला मामा नसतो. पण मामा, किसनकाका तुमच्याशी बोलत नाहीत, हे मला इथे बसून जोडता येत नाही, याने जीव तुटतो. दिवाळीलाही यायची लाज वाटते आहे.

रोज थांब्यावर जाता ना, बांबू जपून न्या. वर विजेच्या तारा आहेत. माझ्यावरची माया अजून शिल्लक असेल तर मामीच्या हातून दोन ओळी लिहवून पाठवा.

तुमची
अंकिता


आंजी (मोठी)
३० नोव्हेंबर २०२५

चि. अंकितास,

मामा-मामीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. एक अडचण सांगतो, ऑफिसात बोलू नकोस. गुडघा बरा झाला.

घरून थांब्यावर, थांब्यावरून घरी, पाहुणे आले की पुन्हा थांब्यावर. या चालण्यानेच झाला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं, रोज चाला. पण त्यांनी बाटली दिली नाही, म्हणून मला ते डॉक्टरच वाटले नव्हते. आता माझी पंचाईत बघ. तेलाने गुण येत नाही, हे सांगायला मी तरातरा चालत थांब्यावर जातो, लोक माझी चाल बघतात आणि तडक बंडूजींच्या दुकानी जातात. मी जितका धडधाकट, तितकं तेल जास्त खपतं. शेवटी बंडूजींनाच माझी दया आली. म्हणाले, थोडं लंगडत जात जा जी.

एक दिवस लंगडलो. दुपारी देवळीच्या अनुसयाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, काऊन जी, सकाळी तं उजवा दुखून राह्यलता, आता डावा कसा? अंकिता, भुईने पोटात घ्यावं असं झालं. खरं सांगण्यापायी मी हेमराज झालो होतो!

दुसऱ्या दिवशी सरळ सांगून टाकलं. गुडघा बरा आहे, चालून बरा झाला, आणि चाललो ते तेल कुचकामी आहे हे सांगायला. लोक पोट धरून हसले. म्हणाले, जाहिरात लय भारी हाये. तेव्हापासून मी पटवायचं सोडून दिलं. म्हणतो, माझ्यावर विश्वास ठेवू नका, चौकशी करा. माझ्याबरोबर घरापर्यंत चाला आणि दार बघा. वाटेत कोणी कुरकुरलं की मी म्हणतो, पाय तुहा हाये, तुहंच आयकन, चाल. घरी मामी तयारच असते. आधी जुनी करकर तोंडाने काढून दाखवते, मग दार उघडते. लोक आळीपाळीने दार उघडून बंद करून बघतात. बंडूजींनी आता स्वतःच बाटल्यांवर चिठ्ठी लावली आहे: दारांसाठी. गुडघेवाले कमी झाले, दारवाले वाढले. थांब्यावरून मला उतरवलं आणि त्या जागी कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर लागला आहे.

मागच्या सोमवारी सेलूच्या पाहुण्यांत एक ओळखीची टोपी दिसली. किसनराव! मला ओळखत नसल्यासारखे शेजारून चालत घरी आले. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. सगळे गेले तरी ते दारातच उभे. मग म्हणाले, वासुदेव, त्या देवळीच्या माणसानं फोटो पाहूनच हो म्हणून देल्लं. तू जाऊन येजो. दुसऱ्याच दिवशी गेलो, आधी परसात गेलो. मुलाचे केस फोटोपेक्षा कमी आहेत आणि अक्कल बायोडाट्यापेक्षा जास्त. मी हो सांगितलं आणि किसनरावांनी लगेच सुपारी फोडली. लग्न फेब्रुवारीत आहे.

आता शेवटचं. कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. सपना आपल्या वडिलांना दार दाखवायला घेऊन आली होती, तिने वाचून सांगितलं. पायाचं ते वाक्य कंपनीच्या मालकीचं आहे, म्हणून मी ते चारचौघांत बोलू नये. मामीचा पारा असा चढला की तिने जाऊन फोनलाच दटावलं. मी शांतपणे मराठीत उत्तर लिहिलं. त्यांना कळवलं की मी वाक्याची रीतसर चौकशी केली आहे. त्याचा जन्म आमच्या धुऱ्यावरचा. माझी भाची पाय टेकत नव्हती तेव्हा ते जन्मलं, आणि ती चालू लागली याला अख्खी आंजी साक्षी आहे. पुढे ते तुमच्या घरी नांदायला आलं, पण तुम्ही त्याला नीट वागवलं नाही. म्हणून मी ते माहेरी आणलं आहे. परत पाठवणार नाही.

तेव्हा अंकिता, वाक्य घरी आलं आहे. तू कधी येतेस? लाज वाटते म्हणालीस. पाय तुहा हाये, आणखी काय सांगू?

माया आहे तेवढी सगळी तुझीच. तिला अटी नाहीत आणि पत्राच्या खाली बारीक अक्षरात काही लिहिलेलं नाही.

तुझा
वासुदेवमामा

ता. क. मामी म्हणते, लिहाच. येशील तेव्हा फाटकातूनच मोठ्याने हाक मार. दार आता वाजत नाही, त्यामुळे कोण आलं ते तिला कळत नाही, आणि दिवाळीपासून ती दहादा उठून दारात बघून येते.